मधोमध बसवलेला माणूस

आमच्या मोहल्ल्यात एक वायरमन आहे. पंखा बंद पडला, मीटरची फेज गेली, मय्यत झालेल्या घरासमोर रात्री दोन वाजता दिवा लावायचा असला, की फोन त्यालाच जातो. दोन वर्षांपूर्वी त्याला चौकशीसाठी बोलावणे आले. ज्या माणसाची चौकशी चालू होती त्याच्या घराचे वायरिंग याने केले होते, आणि कामाचे पैसे थकले म्हणून महिनाभर तो त्याला फोन करत होता. दोन दिवस बसवून ठेवले, जबाब घेतला, सोडून दिले. प्रकरण तेवढ्यावर संपायला हवे होते. पण त्याच आठवड्यात एका वाहिनीने पडद्यावर एक चित्र दाखवले. काळी पार्श्वभूमी, गोलांमध्ये चेहरे, त्यांना जोडणाऱ्या लाल रेषा. आणि आमचा वायरमन मधोमध.

मधोमध का, तर चित्रातले बाकीचे सहाही जण आमच्याच भागातले होते आणि सहाही जणांच्या फोनमध्ये त्याचा नंबर होता. माझ्याही फोनमध्ये आहे. ज्याची चौकशी चालली होती तो मुख्य माणूस चित्रात एका कडेला होता, कारण त्याच्याकडे जाणाऱ्या रेषा दोनच होत्या.

त्या चित्राचा फोटो काढून लोकांनी एकमेकांना पाठवला. नंतर वायरमन निर्दोष सुटला असे म्हणायचीही सोय नव्हती, कारण त्याच्यावर आरोपच नव्हता. ज्याच्यावर आरोप नाही त्याने निर्दोष कसे ठरायचे? काही घरांनी दुसरा वायरमन शोधला. एवढेच झाले. पण दोन मुलींच्या शाळेची फी भरणाऱ्या माणसासाठी हे "एवढेच" किती असते ते हिशेब करणाऱ्यालाच कळते.

मी तेव्हापासून एका प्रश्नाच्या मागे आहे. हे चित्र ज्यांनी काढले त्यांनी ते पाहणाऱ्याला काय समजते, हे कधी तपासून पाहिले असेल का? प्रश्न भाबडा वाटेल. पण औषधाच्या गोळीची चाचणी होते, दोन चाकी गाडीच्या ब्रेकची होते, मग लाखो लोकांना दाखवायच्या चित्राची का नको? शोधायला गेलो तेव्हा कळले की अशी तपासणी करणारे एक अख्खे शास्त्र आहे आणि तीसेक वर्षांपासून त्यात काम चालू आहे. फक्त ते वाहिन्यांच्या दारापर्यंत आलेले नाही.

माणसामाणसांतील संबंध ठिपके आणि रेषांनी दाखवायची पद्धत रुजवली ती जेकब मोरेनो या मानसोपचारतज्ज्ञाने. न्यूयॉर्क राज्यात हडसन या गावी मुलींची सुधारशाळा होती. १९३२ साली तिथून दोन आठवड्यांत चौदा मुली पळून गेल्या. मोरेनोने मुलींना विचारले होते की तुला कोणाबरोबर राहायला आवडेल आणि कोणाबरोबर नाही. त्या उत्तरांवरून त्याने चित्रे काढली. आवडीच्या रेषा लाल, नावडीच्या काळ्या. एकामागोमाग एक मुली का पळाल्या, याचे उत्तर मुलींच्या स्वभावापेक्षा या जाळ्यातल्या त्यांच्या जागेत आहे, असे त्याचे म्हणणे होते. ३ एप्रिल १९३३ रोजी न्यूयॉर्क टाइम्सने त्याच्या कामाची बातमी छापली. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मोरेनोच्या चित्रातील प्रत्येक रेषेला अर्थ होता, आणि तो अर्थ त्या मुलीने स्वतःच्या तोंडाने सांगितलेला होता. रेषा कोणाकडून निघाली आणि कोणाकडे गेली तेही चित्रात दिसत होते.

रेषा एकमेकींना जितक्या कमी छेदतील तितके चित्र चांगले, असा दंडकही मोरेनोने घालून दिला. पुढे अनेक दशके चित्रे काढणारे तो पाळत राहिले. संगणक आल्यावर रेषांचे छेद कमी कसे करायचे याची गणिते तयार झाली. पण छेद कमी असले की पाहणाऱ्याला खरोखर जास्त समजते का, हे विचारायला १९९५ साल उजाडावे लागले. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठातील हेलन पर्चेस आणि तिच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांपुढे एकाच जाळ्याची वेगवेगळी चित्रे ठेवली आणि प्रश्न विचारले. या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंत सर्वांत जवळचा मार्ग कोणता? कमीत कमी किती ठिपके काढले की हे दोघे एकमेकांपासून तुटतील? १९९७ साली पर्चेसने पाच गुण एकमेकांसमोर ठेवून पाहिले: छेद, रेषांची वळणे, समतोल, रेषांमधील कोन आणि सगळे काटकोनात बसवणे. छेदांचा परिणाम सर्वांत मोठा निघाला. वळणे आणि समतोल यांचा थोडा. उरलेल्या दोन्हींचा म्हणण्यासारखा काहीच नाही. म्हणजे मोरेनोचा अंदाज खरा होता, पण चित्रकार मंडळी ज्यांच्यावर घाम गाळत होती त्यातल्या काही गोष्टींशी वाचणाऱ्याला देणेघेणेच नव्हते.

मला मात्र वायरमनच्या प्रकरणात याहून जवळचा वाटला तो त्याच वर्षीचा दुसरा अभ्यास. मॅकग्रा, ब्लाइथ आणि क्रॅकहार्ट या तिघांनी एकच जाळे घेतले. तीच माणसे, त्याच रेषा. फक्त ठिपक्यांच्या जागा बदलून पाच चित्रे केली आणि लोकांना विचारले की यातला ठळक माणूस कोण, दोन गटांना जोडणारा कोण, गट किती आहेत. रेषा एकही बदलली नव्हती, तरी उत्तरे बदलली. जो मध्याजवळ काढला तो महत्त्वाचा वाटू लागला. जे जवळजवळ काढले ते एका गटाचे वाटू लागले. लोकांनी रेषा वाचल्या, नाही असे नाही. पण जागाही वाचली, आणि जागेला तर काहीच अर्थ नव्हता.

आता मधोमध कोणाला बसवायचे हे ठरवतो कोण? मला आधी वाटत होते की वाहिनीत कोणीतरी मुद्दाम बसवले. तसे झालेच असेल असे नाही. १९८४ साली पीटर ईड्स यांनी अशी चित्रे आपोआप मांडायची एक रीत सांगितली. ठिपके एकमेकांना दूर ढकलतात असे धरायचे, रेषा स्प्रिंगसारख्या ओढतात असे धरायचे, आणि ओढाताण थांबेपर्यंत संगणकाला फिरू द्यायचे. आजचे बहुतेक सॉफ्टवेअर याच घराण्यातले आहे. या ओढाताणीत ज्याला सर्वांत जास्त रेषा तो साधारणपणे मध्ये येऊन बसतो. कोणाच्याही मनात काही नसताना स्प्रिंगांनी आमच्या वायरमनला म्होरक्या केले.

आणि कोणत्याही मोहल्ल्यात, वाडीत, चाळीत सर्वांत जास्त रेषा कोणाला असतात? गॅसवाल्याला. रिक्षावाल्याला. रक्ताची बाटली मिळवून देणाऱ्या पोराला. कफन-दफनाची व्यवस्था पाहणाऱ्या बुजुर्गाला. ज्याला काही लपवायचे असते तो आपल्या रेषा कमीच ठेवतो.

मी घरी एक छोटा प्रयोग केला. त्याला अभ्यास म्हणण्याचे धाडस करणार नाही. आमच्या गल्लीतील अकरा माणसे घेतली, नावांच्या जागी अक्षरे घातली आणि महिन्याभरात कोणी कोणाला फोन केला ते विचारून दोन चित्रे काढली. पहिल्यात वायरमन मध्ये. दुसऱ्यात त्याच रेषा ठेवून त्याला खालच्या कोपऱ्यात ढकलले आणि मध्ये एका निवृत्त मास्तरांना बसवले, ज्यांना जेमतेम तीन रेषा होत्या. घरातल्या आणि शेजारच्या पाच-सहा जणांना वेगवेगळे बोलावून विचारले, यातला म्होरक्या कोण? पहिल्या चित्रात सगळ्यांनी वायरमनच्या अक्षरावर बोट ठेवले. दुसऱ्यात दोघांनी मास्तरांवर ठेवले, एकाने बराच वेळ रेषा मोजून मग कोपऱ्याकडे बोट नेले. शेवटी माझ्या नववीतल्या भाचीला विचारले. ती म्हणाली, "मामू, म्होरक्या असलाच पाहिजे का?"

मी गप्प झालो. माझा प्रश्नच सडका होता. अकरा माणसांनी महिनाभर एकमेकांना फोन केले यात म्होरक्या कुठून आला? तो मी प्रश्नातून आत सोडला आणि एकानेही हरकत घेतली नाही, पोरीशिवाय.

समजले की नाही हे तपासणाऱ्या शास्त्राची खरी अडचणही इथेच आहे. सर्वांत जवळचा मार्ग शोध, रेषा मोज, या प्रश्नांना बरोबर उत्तर असते, वेळ मोजता येतो, चुका मोजता येतात. म्हणून प्रयोग अशा प्रश्नांचे होतात. पण पडद्यासमोर बसलेला माणूस मार्ग शोधत नसतो. तो "हे सगळे एकमेकांना सामील आहेत" एवढा एकच अर्थ काढतो आणि जेवायला उठतो. या अर्थाचे बरोबर-चूक कसे मोजायचे? मॅकग्रा मंडळी त्या दिशेने गेली म्हणून मला त्यांचे मोल वाटते. तो रस्ता आणखी पुढे जायला हवा होता, असे माझे मत आहे. चित्र पाहून किती सेकंदांत उत्तर दिले यापेक्षा, चित्र पाहून कोणाविषयी काय मत झाले हे विचारणारे प्रयोग जास्त हवेत. आणि ते नववीतल्या पोरीवर, भाजीवालीवर, निवृत्त मास्तरांवर व्हायला हवेत. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विज्ञान संग्रहालयांत आलेल्या २७३ लोकांना वीस तऱ्हेची माहितीचित्रे दाखवून विचारले होते. लहान काय, मोठे काय, बहुतेकांना साध्या ओळखीच्या आलेखांपलीकडे फारसे वाचता आले नाही. तेही हौसेने संग्रहालयात आलेले लोक!

आता दुसरी पद्धत. जाळे दाखवायला ठिपके-रेषाच लागतात असे नाही. जुन्या डायरीच्या शेवटी गावागावांतील अंतरांचा तक्ता असायचा, आठवत असेल. वर पुणे, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर. बाजूलाही तीच नावे. आणि जिथे आडवी-उभी ओळ भेटते तिथे किलोमीटर. तसाच माणसांचा तक्ता करता येतो. वर अकरा नावे, बाजूला तीच अकरा, आणि ज्याने ज्याला फोन केला ती चौकट काळी करायची. यात रेषा नाही, त्यामुळे छेद नाही. मध्य नाही, त्यामुळे मध्ये बसायची पाळी कोणावर येत नाही. फ्रान्समधील घोनियम, फेकेत आणि कास्ताग्लिओला यांनी २००४ साली या दोन पद्धती समोरासमोर ठेवल्या. जाळी वीस, पन्नास आणि शंभर ठिपक्यांची होती, विरळ आणि दाट. वीसच्या पुढे गेल्यावर बहुतेक प्रश्नांना तक्त्याने जास्त चांगली उत्तरे मिळाली. मार्ग शोधायचा असला तरच ठिपके-रेषा सरस ठरल्या.

म्हणून मी ठिपके-रेषांच्या चित्राचा वैरी नाही. संसर्ग कोणाकडून कोणाकडे गेला, कोणत्या स्टेशनवर गाडी बदलायची, हे तक्त्यात शोधायला बसलो तर रात्र होईल. मार्गाचा प्रश्न असेल तिथे रेषाच हवी. पण "कोणाचा कोणाशी किती संबंध" हा मार्गाचा प्रश्न नाही, तो मोजणीचा आहे, आणि तिथे तक्ता जास्त खरे बोलतो.

खुद्द पोलिसी कामात तक्ता पूर्वीपासून आहे, हे वाचून मला आश्चर्य वाटले. १९७५ साली हार्पर आणि हॅरिस या दोघांनी अमेरिकेतील पोलिसांसाठी जी रीत मांडली तिच्यात आधी तक्ता भरायचा आणि मग त्यावरून चित्र काढायचे. संबंध पक्का असेल तर सलग रेषा, नुसता संशय असेल तर तुटक. किती साधी गोष्ट! पण तपासाच्या टेबलावरून पडद्यावर येईपर्यंत तक्ता गळून पडतो आणि तुटक रेषा सलग होतात. तुटक रेषा दिसायला कमजोर दिसते ना. पुढे १९९१ साली माल्कम स्पॅरो यांनी, जे स्वतः ब्रिटनमध्ये पोलिस अधिकारी होते, गुन्हेगारी जाळ्यांबाबत तीन गोष्टी बजावल्या: माहिती नेहमीच अपुरी असते, जाळ्याची हद्द धूसर असते आणि जाळे रोज बदलत असते. या तिन्ही गोष्टी दाखवायला चित्रात जागा नसते. चित्र नेहमीच पूर्ण दिसते.

हद्दीचा हिशेब तर कोणीही करून पाहावा. समजा एका माणसाचा चाळीस जणांशी संपर्क आहे, त्या प्रत्येकाचा आणखी चाळिसांशी, आणि त्यांचाही तसाच. कोणी दोनदा मोजला गेला नाही असे धरले तर दुसऱ्या टप्प्यावर १,६०० आणि तिसऱ्या टप्प्यावर ६४,००० माणसे होतात. अमेरिकेची एनएसए ही संस्था फोनच्या नोंदींत तीन टप्प्यांपर्यंत जाते, हे २०१३ साली उघड झाले आणि गदारोळ झाला. जानेवारी २०१४ मध्ये अध्यक्ष ओबामांनी ते दोन टप्प्यांवर आणले. दोन म्हणजे कमी वाटतात. पण पहिल्याच टप्प्यावर वायरमन लागला तर? आमच्या वायरमनच्या फोनमध्ये आठशेच्या वर नंबर आहेत. ती सगळी घरे त्या एका उधार बुडवणाऱ्या माणसापासून दोनच टप्प्यांवर. त्यात माझे घर आहे, एका डॉक्टरांचे आहे, देवळाच्या पुजाऱ्याचे आहे आणि, वायरमन सांगतो त्याप्रमाणे, चौकीतल्या एका हवालदाराचेही आहे. त्याच्या घरचा इन्व्हर्टर यानेच बसवला.

दिशेविषयीही एक शब्द. पडद्यावरच्या चित्रात बाण नव्हते. असते तर निदान एवढे दिसले असते की फोन सगळे एका बाजूने गेले, म्हणजे कोणीतरी काहीतरी मागत होता. अर्थात बाणांचेही फारसे खरे नाही. नेदरलँड्समधील होल्टन आणि व्हॅन वाइक यांनी २००९ साली तपासले तेव्हा नेहमीचे बाणाचे टोक वाचणाऱ्यांना फारसे उपयोगी पडले नाही. निघते तिथे जाड आणि पोहोचते तिथे निमुळती होणारी रेषा लोकांनी जास्त बिनचूक वाचली. गाजराच्या आकाराची रेषा म्हणा. ती कोणी सर्रास वापरताना मला दिसत नाही, कारण ती देखणी नाही.

देखणेपणाचा मुद्दा वाहिनीत काम करणाऱ्या एका जुन्या मित्राने माझ्यासमोर ठेवला. तो म्हणाला, तुझा काळ्या चौकटींचा तक्ता लावला तर लोक चॅनेल बदलतील, लोकांना जाळे आवडते. त्याचे म्हणणे मी हलक्यात घेत नाही. त्याची नोकरी त्या आवडीवर आहे. पण आवडणे आणि समजणे या दोन गोष्टी एकत्र चालतातच असे नाही, याचा चांगला पुरावा आगगाडीच्या नकाशांत आहे. एसेक्स विद्यापीठातील मॅक्सवेल रॉबर्ट्स यांनी पॅरिस मेट्रोचा नेहमीचा सरळ रेषांचा नकाशा आणि सगळ्या रेषा वळणदार असलेला एक नकाशा लोकांकडून तपासून घेतला. २०१३ साली ते प्रसिद्ध झाले. वळणदार नकाशावर लोकांनी प्रवास लवकर आखला. पण कोणता नकाशा आवडला आणि कोणत्यावर काम चांगले झाले, यांचा मेळ बसला नाही. "लोकांना आवडते" हे उत्तर म्हणूनच मला पुरत नाही. शिवाय नकाशा चुकीचा वाचला तर माणूस चुकीच्या स्टेशनवर उतरतो आणि परतीची गाडी पकडतो. वायरमनला परतीची गाडी नव्हती.

माझी मागणी फार मोठी नाही. जिवंत माणसांचे चेहरे लावून जाळे दाखवायचे असेल तर रेषा म्हणजे काय ते चित्रातच लिहा: फोन, पैसे, नाते, एकच गल्ली. संशयाची रेषा तुटक ठेवा. मध्ये कोण आला आणि का आला हे सांगा. आणि प्रसारित करण्याआधी आपल्याच कार्यालयातील चहा आणणाऱ्या पोऱ्याला दाखवून विचारा, तुला काय समजले. त्याला पाच मिनिटे लागतात. न्यायालयात असे चित्र पुरावा म्हणून आले तर बचावाच्या वकिलाने त्याच माहितीचा तक्ता शेजारी मांडावा, अशीही माझी इच्छा आहे. वकील मित्र यावर हसतात, पण त्यातल्या एकाने परवा घोनियमचा निबंध मागून नेला.

मागच्या महिन्यात आमच्या हॉलचा पंखा बिघडला तेव्हा वायरमन आला होता. टेबलावर माझे कागद पडलेले होते. दोन्ही जाळी त्याने उचलून पाहिली आणि काही न बोलता ठेवून दिली. मग तक्ता उचलला. आडव्या ओळीवरून बोट नेले, उभ्यावरून नेले, आणि म्हणाला, "हे तर माझ्या उधारीच्या वहीसारखं आहे." मी म्हटले, जवळपास तसेच. त्याने थोडा वेळ आणखी पाहिले.

"पण भाई, पैसे कोणाकडे राहिलेत ते यात कुठं दिसतंय?"

ते दिसत नव्हते. तो स्टुलावर चढला आणि पंख्याचा कपॅसिटर काढू लागला.